राडा करू द्या, पण आधी मोरीची वाट आखा

पोराला जरा राडा करू द्यायचा म्हणून पिठाचा डबा उघडला, हाताशी तांब्याभर पाणी दिलं, आणि दहाव्या मिनिटाला आई ओरडतेय, पोरगं भोकाड पसरतंय, आज्जी म्हणतेय, "सांगत होते मी!" बऱ्याच घरांत हे असंच होतं. यात पोराचा दोष नसतो आणि पिठाचाही नसतो. क्रम उलटा झालेला असतो. सामान आधी बाहेर येतं, आणि भरलेले हात कुठं धुवायचे, कपडे कुठं उतरवायचे, उरलेला चिखल कुठं टाकायचा, हे मागून आठवतं.

खालचे टप्पे १ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी आहेत. वर्षाच्या आतल्यांसाठी काय ते चौथ्या टप्प्यात वेगळं दिलंय. पहिले तीन टप्पे कंटाळवाणे वाटतील, पण गाळू नका. सगळा घोटाळा तिथंच होतो.

टप्पा १ : वेळ आणि जागा

वेळ अशी धरा: नाश्ता, मग राडा, मग आंघोळ, मग जेवण आणि झोप. आंघोळ झाल्यावर खेळ मांडला की दुसरी आंघोळ, दुसरे कपडे आणि वर चिडचिड. पोर भुकेलं असेल तर समोरचं सगळं तोंडात घालतं आणि झोपेला आलेलं असेल तर भरल्या हातानं डोळे चोळतं. या दोन वेळा टाळा.

नळाला पाणी कधी येतं ते बघून दिवस ठरवा. दोन बादल्या भरलेल्या नसतील तर त्या दिवशी कोरडा खेळ बरा.

जागा निवडताना एकच प्रश्न विचारा: इथून मोरी किती पावलांवर आहे? जुन्या घरात परसदार किंवा न्हाणीसमोरची फरशी सगळ्यात चांगली. फ्लॅटमध्ये बाथरूम किंवा त्याला लागून असलेला पॅसेज. गॅलरी चालते, पण तिच्या पाण्याचा पाइप खालच्यांच्या दारात सुटत नाही ना ते बघा. गच्चीवर एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर जाऊ नका, फरशी तापते. जुलैत उलटी अडचण असते. कोल्हापूरच्या झडीत जाडी चादर तीन दिवस वाळत नाही, तेव्हा खाली अंथरायला पातळ जुनी साडी घ्या. ती पंख्याखाली रात्रीत वाळते.

फरशीचंही बघा. शाहाबादी फरशी सच्छिद्र असते, हळदीचा आणि बिटाचा रंग पिते. गुळगुळीत टाइल्सवर डाग बसत नाही, पण ओल्या पिठानं किंवा तेलानं ती इतकी निसरडी होते की पोरापेक्षा आज्जीच आधी घसरायची.

टप्पा २ : शेवटाची तयारी सुरुवातीला

हे सामान खेळाच्या जागी, आधी:

१. ताडपत्री, साधारण ६ × ६ फूट. ४ × ४ पुरत नाही. बसलेलं पोर हात झटकतं तेव्हा शिंतोडे तीन फुटांवर सहज जातात.
२. ताडपत्रीवर अंथरायला जुनी सुती चादर किंवा साडी. ही पायरी बहुतेक जण विसरतात. नुसतं प्लॅस्टिक ओलं झालं की त्यावर पाय टिकत नाही. वरचं कापड पाणी पितं आणि पायाला पकड देतं.
३. मोठी परात किंवा घमेलं, काठ बोटभर तरी उंच. परातीखाली ओलं फडकं ठेवा, म्हणजे ती सरकत नाही.
४. कडेला गोणपाट. चादरीवरून उतरताना पाय त्यावर पुसायचे.
५. एक रिकामी बादली (घाण पाण्यासाठी), एक जुना टॉवेल, दोन कोरडी फडकी.
६. मोरीत कोमट पाण्याची बादली, पण पोराचा हात पोचणार नाही अशी, झाकून.
७. धुतलेले कपडे मोरीबाहेर, खुर्चीवर. कपाटात नव्हे.

*तपासणी:* कोपरापर्यंत पीठ लागलंय असं समजून, हात वर धरून, परातीपासून मोरीपर्यंत एकदा स्वतः चालून या. कुठं कडी काढावी लागली? कुठला पडदा खांद्याला घासला? दिव्याचं बटण दाबावं लागलं का? जिथं हात लावावा लागला तिथं उद्या डाग पडणार. दार आधीच उघडा, पडदा गुंडाळा, दिवा लावून ठेवा.

*सावधान:* बादलीत वीतभरही नाही एवढ्या पाण्यात लहान मूल बुडू शकतं. ते डोकं खाली घालून वाकतं आणि त्याला परत उठता येत नाही. आवाजही होत नाही. मोठं माणूस उठून जाणार असेल तर पोराला उचलून सोबत न्या. "फक्त दार उघडून येते" हेही त्यात आलं. खेळ संपला की प्रत्येक भांडं लगेच पालथं घाला.

टप्पा ३ : पोराची तयारी

बनियन आणि चड्डी पुरे. फुल बाह्यांचा शर्ट नको, ओली बाही मनगटाला चिकटली की पोर वैतागतं. हातातले कडे, पायातले वाळे, गळ्यातली काळ्या मण्यांची माळ काढून ठेवा. वाळ्याच्या घुंगरात पीठ गेलं की सुकून दगड होतं. नखं आदल्या दिवशी कापा. त्याच दिवशी कापली तर टप्पा ५ मधल्या खारट गोळ्यानं बोटं झोंबतात. हातावर ओरखडा, पुरळ किंवा खरूज असेल तर मिठाचा गोळा आणि माती दोन्ही बंद.

रंग वापरणार असाल तर तळहात ते कोपर खोबरेलाचा हलका हात फिरवा. रंग कातडीत कमी मुरतो. माती-पिठाला तेलाची गरज नाही, उलट भांडं हातातून निसटतं.

टप्पा ४ : वयाप्रमाणे काय द्यायचं

*सहा महिने ते एक वर्ष:* तोंडात जाणार हे धरूनच चाला. पोराला आधी खाऊ घालून पचलेलंच द्या: गुरगुट्या भात, शिजवून गार केलेली नाचणी, कुस्करलेलं केळं. मीठ, साखर नको. मध तर बोटालाही नको, वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून बोट्युलिझमची विषबाधा होऊ शकते.

*एक ते तीन:* पाणी आणि भांडी, घरची मळलेली कणीक, टप्पा ५ मधला शिजवलेला गोळा. कच्चं पीठ खायचं नसतं, त्यात जंतू असू शकतात. चाटणारं पोर असेल तर कणीक किंवा कोरडं पीठ देऊ नका. घरात कुणाला गव्हाची, दुधाची, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तो पदार्थ खेळातही नको.

*तीनच्या पुढे:* शाडू, चाळलेली लाल माती, कॉर्नफ्लोअर, रंग.

आणि हे कुठल्याच वयाला नको:

पाण्यात फुगणारे रंगीत मणी. गिळले तर आतड्यात फुगून मार्ग बंद करतात, ऑपरेशनची वेळ येते. थर्माकोलचे दाणे. खाण्याचा चुना, कातडी आणि डोळा भाजतो. रंगपंचमीचे उरलेले रंग. रांगोळी, कारण ती दगडाची भुकटी आहे, उडून छातीत जाते. बांधकामाची क्रश सँड, तिची धार टोचते आणि धूळही फार. साबुदाणा, हरभरा, मूग एवढे मात्र तीन वर्षांच्या आतच नकोत, पण नाकात काही घालायची सवय असलेल्या पोराला त्यानंतरही नकोत. पुराचं पाणी ओसरल्यावर पंचगंगेकाठी जो मऊ गाळ राहतो तो दिसायला फार छान असतो, पण त्यात गटारापासून मेलेल्या जनावरापर्यंत सगळं मिसळलेलं असतं. लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) भीती असते. तो घरात आणू नका. तालमीच्या आखाड्यातली लाल मातीही कुणी मागून आणतं. हळद, ताक, तेल घालून मऊ केलेली असली तरी ती पैलवानांच्या घामाची आहे. आखाड्यातच राहू दे.

टप्पा ५ : सामान तयार करणं

एका वेळी एकच प्रकार. तीन परातींत तीन गोष्टी मांडल्या की पाचव्या मिनिटाला सगळ्याचा एकच करडा गोळा होतो.

*(अ) शिजवलेला पिठाचा गोळा*

मैदा १ वाटी, मीठ अर्धी वाटी, पाणी १ वाटी, तेल १ मोठा चमचा, लिंबाचा रस २ लहान चमचे. वाटी कुठलीही घ्या, पण सगळ्याला तीच.

१. गॅस लावण्याआधी कढईत सगळं एकजीव करा. गाठी गारपणीच मोडतात, गरम झाल्यावर नाही.
२. मंद आचेवर सतत हलवा. तीन-चार मिनिटांत मिश्रण कडा सोडून मधे गोळा होतं.
३. चिमटीत घेऊन बघा. बोटाला चिकटलं तर अजून अर्धा मिनिट. उतरवा.
४. ताटात काढून पूर्ण गार झाल्यावर मळा. बाहेरून गार लागतो तेव्हा आत चटका देण्याइतका गरम असतो, म्हणून पोराच्या हातात देण्याआधी फोडून मधे बोट लावा.

बिघडतं कसं: पाणी नंतर वाढवलं तर लापशी होते. मीठ कमी घातलं तर चौथ्या दिवशी बुरशी येते. पावसाळ्यात डब्यातला गोळा पाणी सोडतो, कारण मीठ हवेतली ओल ओढतं. चमचाभर कोरडा मैदा लावून मळला की पुन्हा ठीक.

*सावधान:* हा गोळा फार खारट आहे. एकदा चाटून पोर स्वतःच थुंकतं, पण तुकडे गिळत असेल तर लगेच काढून घ्या. बऱ्यापैकी खाल्ल्यावर उलट्या, फार तहान किंवा सुस्ती दिसली तर घरचे उपाय न करता दवाखाना गाठा. कुत्र्यालाही हा गोळा घातक आहे, दारात टाकू नका.

*(ब) कॉर्नफ्लोअरची घट्ट-पातळ लापशी*

दाबलं की घट्ट, सोडलं की वाहणारी. पोरं यात अर्धा तास रमतात.

इथं निम्मे लोक दुकानातच चुकतात. "मक्याचं पीठ द्या" म्हटलं की पिवळं, भाकरीचं पीठ मिळतं. त्यानं नुसती पिठी होते. पांढरं, बोटात कचकच वाजणारं कॉर्नफ्लोअर हवं.

दोन वाट्या कॉर्नफ्लोअर परातीत घ्या. पाऊण वाटी पाणी आधी, उरलेली पाव वाटी चमच्या-चमच्यानं. *तपासणी:* मूठ मारली तर घट्ट लागावं, बोट हळू बुडवलं तर तळाला जावं. मूठ मारल्यावर पाणी उडालं तर पाणी जास्त झालंय, चमचाभर पीठ घाला. पृष्ठभाग भेगाळला तर चमचाभर पाणी. दहा मिनिटांनी पीठ तळाला बसतं आणि वर पाणी येतं. बिघडलं नाही, तळातून हात फिरवला की पूर्ववत.

*(क) शाडू*

कोल्हापुरात बापट कॅम्प, शाहूपुरी, गंगावेशीकडच्या कुंभार गल्ल्यांत मूर्तीकामाच्या घरी विचारा. २ किलो एका पोराला भरपूर होते. घेताना शाडू आहे की प्लास्टर ते स्पष्ट विचारा, आणि घरी येऊन खात्रीही करा: चमचाभर भुकटी पाण्यात कालवून अर्धा तास ठेवा. शाडू चिखलच राहतो. प्लास्टर ऊब देत कडक होतं. त्यात पोराचा हात गुंतला तर कातडी भाजते.

नर्सरीतून माती आणणार असाल तर कुंडीसाठी तयार केलेलं मिश्रण नको, त्यात शेणखत आणि खतं असतात. साधी लाल माती घ्या, रव्याच्या चाळणीनं चाळा (काच, खिळे, काड्या निघतात) आणि दोन दिवस कडक उन्हात पसरा. अंगणातल्या ज्या कोपऱ्यात मांजर बसतं तिथली माती चाळूनही नको.

शाडू भिजवायचं काम मोठ्यांचं. कोरड्या भुकटीत पोराला बसवू नका, ती धूळ श्वासात जाते.

१. १ किलो शाडूला सुमारे ३०० ते ३५० मिलि पाणी लागतं. आधी २५० मिलि शिंपडा आणि धूळ बसू द्या.
२. हातानं एकत्र करा. उरलेलं पाणी लागेल तसं.
३. ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा. लगेच मळलेल्या मातीत कोरडे खडे राहतात आणि वळताना तिथंच चीर जाते.
४. सकाळी कणकेसारखी पाच-सात मिनिटं चांगली रगडा.

*तपासणी:* बोटाएवढी वळकटी करून तिचं कडं वाकवा. बाहेरच्या बाजूला भेगा आल्या तर कोरडी आहे, ओल्या हातानं परत मळा. तळव्याला चिकटून निघाली तर ओली आहे, वर्तमानपत्रावर पंधरा मिनिटं उघडी ठेवा.

चार-पाच वर्षांचं पोर बेंदराच्या मातीच्या बैलांसारखा बैल करायला बघेल. पाय वेगळे करून चिकटवले की वाळताना चारही गळतात. लिंबाएवढा नको, पेरूएवढा गोळा द्या, लांबट करा आणि पाय, शिंगं, वशिंड त्याच गोळ्यातून चिमटीनं ओढून काढायला दाखवा. पाय आखूड आणि जाड. काही चिकटवायचंच झालं तर दोन्ही बाजू काडीनं खरवडा, पातळ चिखल लावा, मग दाबा.

टप्पा ६ : खेळ

१. आधी कोरडं किंवा घट्ट सामान, फक्त दोन मुठी. सगळं एकदम ओतू नका. राडा किती होणार हे सामानावर ठरतं, पोराच्या स्वभावावर नाही.
२. पाच मिनिटांनी पाणी, तेही फुलपात्रभर. संपलं की दुसरं. तांब्या पोराच्या हाताशी ठेवायचा नाही.
३. सगळ्यात शेवटी अवजारं: उलथनं, झारा, जुना लाटण-पोळपाट, बाटलीची झाकणं (तीनच्या आत झाकणंही नकोत).

तुम्ही पाटावर, पोराच्या उंचीला बसा. वरून वाकून सूचना देणाऱ्या मोठ्यांमुळे निम्मा खेळ मरतो. "असं नाही, असं कर" हे वाक्य आवरा. नियम दोनच सांगा: चादरीच्या आत, आणि तोंडात नाही.

काही पोरं हात लावत नाहीत, बोटं ताठ धरतात. त्यांचा हात धरून परातीत बुडवू नका, पुढचे पंधरा दिवस ते परातीजवळ येणार नाही. चमचा द्या. किंवा गोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून वरून दाबायला द्या. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी एक बोट आपोआप पुढं येतं. महिनोन्‌महिने प्रत्येक ओल्या, चिकट गोष्टीला पोर घाबरत असेल, जेवणातही, तर बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला.

दीड वर्षाच्या पोराला पंधरा मिनिटं खूप झाली. चार-पाच वर्षांचं अर्धा-पाऊण तास बसतं. सामान भिरकावायला लागलं, चादरीबाहेर रांगलं की मन भरलंय. तिथंच थांबायचं.

टप्पा ७ : थांबवणं आणि आवरणं

अचानक परात उचलू नका. "अजून दोन मुठी, मग पाणी" असं सांगा आणि खरंच दोनच. मग परातीतलं सामान पोराकडूनच डब्यात भरून घ्या.

आता क्रम, जो बहुतेकांचा चुकतो. आधी कोरडं, मग ओलं.

१. पोराला चादरीवरच उभं करा. हातापायाचा चिखल आधी कोरड्या फडक्यानं पुसा. थेट पाणी ओतलं तर पिठाची खळ होते आणि केसांत बसते.
२. कपडे तिथंच उतरवा, चादरीवर टाका.
३. गोणपाटावर पाय, आणि पोराला उचलून मोरीत. चालवत नेऊ नका.
४. आंघोळ. नाक, कान, बोटांची बेचकी बघा.
५. पोर दुसऱ्या मोठ्याकडे गेल्यावर चादर चारी कोपरे धरून उचला, बाहेर नेऊन झटका.
६. फरशीवरचं पीठ वाळू द्या, झाडूनं गोळा करा, मग ओलं फडकं. ओल्या पिठावर पोछा मारला की ते पूर्ण घरभर पसरतं.

*सावधान:* शाडू, कॉर्नफ्लोअर, मैदा मोरीत ओतायचं नाही. पाइपाच्या वाकणात बसून ते घट्ट होतं आणि प्लंबरला बोलवावं लागतं. हात धुतलेलं पाणी घाण पाण्याच्या बादलीत, झाकून, पोराचा हात पोचणार नाही अशा जागी रात्रभर ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी ओता आणि तळाचा गाळ वाळवून कचऱ्यात टाका. शाडूचं नितळलेलं पाणी झाडांना चालतं. मिठाच्या गोळ्याचं पाणी मात्र तुळशीला घालू नका, जळेल.

मातीत खेळणाऱ्या पोरांची जंतांची गोळी चुकवू नका. १ ते १९ वर्षांच्या मुलांना ती अंगणवाडीत, शाळेत जंतनाशक दिनाला मोफत मिळते.

टप्पा ८ : डाग आणि साठवण

हळद घातलेल्या गोळ्याचा डाग साबण लावताच लाल होतो. घाबरू नका, साबणाच्या क्षारानं हळद लाल होतेच. धुवून ओलंच कपडं कडक उन्हात टाका, दोन दिवसांत फिकटतं. बिटाचा डाग आधी गार पाण्यानं धुवा, गरम पाण्यानं तो पक्का होतो. मातीचा डाग ओला असताना चोळू नका. पूर्ण वाळू द्या, ब्रशनं झटका, मगच पाण्यात टाका.

शिजवलेला गोळा हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये, तीन आठवडे टिकतो. वास बदलला किंवा ठिपका दिसला की टाकून द्या. ठिपका काढून उरलेला वापरू नका. कॉर्नफ्लोअरची लापशी परातीत पसरून उन्हात वाळवली की परत भुकटी होते आणि पुढच्या वेळी पाणी घालून चालते, पण पावसाळ्यात हा उद्योग नको, आंबते.

केलेले बैल सावलीत, वर्तमानपत्रावर, चार-पाच दिवस वाळवा आणि रोज एकदा कूस बदला. उन्हात ठेवले तर वरून आधी वाळतात आणि पोटाला चीर जाते. उरलेल्या शाडूचा गोळा ओल्या फडक्यात बांधून झाकणाच्या बादलीत ठेवा. कडक झाला तरी फेकू नका, हातोडीनं फोडा, पाण्यात बुडवून एक रात्र ठेवा. सकाळी पुन्हा लोण्यासारखा होतो.